खरे लिहिण्याची विद्या आणि रिद्धपूर

कीटकनाशकाच्या डब्यासोबत एक घडीपत्रक येते. अक्षर मुंगीएवढे, भाषा सरकारी, वाक्ये लांबलचक. वऱ्हाडातला शेतकरी ते उलगडतो, एकदा पाहतो आणि बाजूला ठेवतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. कारणे अनेक होती. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला भिडली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. मास्क, चष्मा, हातमोजे बहुतेकांकडे नव्हते. धोका समजेल अशा भाषेत सांगणारा कागद हाती नसणे, हेही मी याच कारणांच्या रांगेत बसवतो.

असा कागद नीट लिहिणे हे कसबाचे काम आहे आणि ते शिकवता येते. जगातल्या अनेक विद्यापीठांत ते पदव्युत्तर पातळीवर शिकवले जाते. त्या अभ्यासक्रमांचे दोन मोठे प्रवाह आहेत. पहिला व्यावसायिक लेखनाचा: माहितीपत्रके, अहवाल, प्रस्ताव, आरोग्यविषयक सूचना, वापरपुस्तिका, शासकीय निवेदने, संपादन, भाषांतर. दुसरा क्रिएटिव्ह नॉनफिक्शनचा: घडलेल्याच गोष्टी, पण कथेच्या ताकदीने सांगणारे गद्य. रिपोर्ताज, चरित्र, आत्मकथन, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र, निसर्गलेखन हे सारे त्यात येते. दोन्ही प्रवाहांचा पाया एकच आहे. जे लिहायचे ते खरे असले पाहिजे आणि वाचणाऱ्याला ते कळले पाहिजे.

ही विद्या परदेशातून आणावी लागेल, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. तिचा संपूर्ण पाठ अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात सातशे वर्षांपूर्वी गिरवला गेला, आणि आज त्याच गावात मराठीचे विद्यापीठ उभे राहत आहे.

म्हाइंभटांनी काय केले

अमरावतीच्या उत्तरेला, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचे हे महास्थान. चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचे आयुष्य इथे गेले. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी नागदेवाचार्यांसोबत इथे येऊन राहिले. स्वामींच्या आठवणी सगळ्यांच्या मनात होत्या, पण त्या विखुरलेल्या होत्या. म्हाइंभट या विद्वान शिष्याने त्या गोळा करायचे ठरवले. त्यातून सुमारे १२७८ मध्ये ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ आणि पहिले चरित्र.

लेखनाच्या विद्यार्थ्याने इथे ग्रंथाच्या धार्मिक महत्त्वाबरोबर त्याच्या घडणीकडेही पाहावे. म्हाइंभटांनी आधी नागदेवाचार्यांना आठवणी विचारल्या आणि टिपून घेतल्या. पण एका माणसाच्या स्मरणावर ते थांबले नाहीत. ज्या प्रसंगात जी माणसे होती, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी तो प्रसंग त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला आणि पडताळून घेतला. मग हे सगळे प्रसंग, म्हणजे लीळा, एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा क्रमाने लावले. प्रत्येक लीळा लहान. मुक्काम कुठे होता, कोण आले, काय विचारले, काय उत्तर मिळाले, एवढे सांगून ती थांबते. विशेषणांची आरास नाही, लेखकाची मध्येच लुडबूड नाही. बोलणारी माणसे आपापल्या भाषेत बोलतात.

पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली. ज्यांना ग्रंथ पाठ होता, त्यांच्याकडून तो पुन्हा उभा केला गेला. हिराइसेसारख्या स्त्रीची स्मरणशक्ती त्या कामी आली; हिराइसेचा पाठ म्हणून तो ओळखला जातो. निरनिराळ्या पाठांत फरक होते, आणि ते फरक परंपरेने पुसून टाकले नाहीत. कोणाच्या आठवणीत प्रसंग कसा आहे, हे वेगळे नोंदवून ठेवले. याच परंपरेत चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ तयार झाली. स्वामी जिथे जिथे गेले त्या गावांची, देवळांची, दिशांची ती नोंदवही आहे. आजचा वार्ताहर जागेवर जाऊन जी टिपणे काढतो, तेच हे काम.

आणखी एक गोष्ट ‘स्मृतिस्थळ’ हा महानुभाव ग्रंथ सांगतो. केशोबास हे संस्कृतचे पंडित. त्यांना संस्कृतात ग्रंथरचना करायची होती. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. कारण असे दिले की, त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. लिहिण्याआधी वाचणारा कोण ते ठरवा, हा व्यावसायिक लेखनाच्या वर्गातला पहिला नियम आहे. तो रिद्धपूरच्या परंपरेत तेराव्या शतकापासून आहे.

हा ठेवा आपल्या हाती लागायलाही वऱ्हाडातल्या आणि बाहेरच्या अभ्यासकांचे कष्ट आहेत. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी या वाङ्मयाचा पाठपुरावा केला. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी आयुष्य त्यात घातले. त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढले.

पदवीत काय शिकवतात

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये लेखनाची कार्यशाळा सुरू केली आणि सर्जनशील लेखनाला पदव्युत्तर पदवी मिळू लागली. सुरुवातीला तिथे कथा आणि कविता होत्या. सत्यघटनांवरच्या गद्याला स्वतंत्र स्थान नंतर मिळाले. पिट्सबर्ग विद्यापीठात ली गुटकाइंड यांनी त्यासाठी खटपट केली. १९९७ मध्ये गाउचर कॉलेजने नोकरी करणाऱ्यांना घरी राहून करता येईल अशी क्रिएटिव्ह नॉनफिक्शनची पदवी सुरू केली. २०१५ चे साहित्याचे नोबेल बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांना मिळाले, तेव्हा या लेखनाला मोठा मान मिळाला. शेकडो सामान्य माणसांशी बोलून, त्यांचे आवाज एकमेकांशेजारी ठेवून त्या पुस्तक घडवतात. म्हाइंभटांच्या वाचकाला ही पद्धत ओळखीची वाटेल.

अशा पदवीचा गाभा कार्यशाळा असते. वर्गात दहा-पंधरा विद्यार्थी असतात. एकाने लिहिलेला मजकूर सगळे आधी वाचून येतात आणि मग त्यावर तासभर बोलतात. कुठे कंटाळा आला, कुठे विश्वास बसला नाही, कुठे लेखकाला स्वतःलाच काय म्हणायचे ते कळलेले नाही, हे सांगायचे असते. लेखकाने मध्ये न बोलता ऐकायचे. मग तो मजकूर पुन्हा लिहायचा, पुन्हा आणायचा. सुताराच्या हाताखाली पोरगा रंधा मारायला शिकतो तशी ही विद्या आहे. पुस्तकातून तिची माहिती मिळते, हात मात्र सरावानेच बसतो.

कार्यशाळेभोवती बाकीचे विषय येतात. मुलाखत कशी घ्यायची आणि गप्प कसे बसायचे. जुने कागद कुठे मिळतात: सातबारा, हजेरीपट, गॅझेटियर, न्यायालयाचे निकाल, ग्रामपंचायतीचे ठराव. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कसा करायचा. अब्रुनुकसानीचा कायदा काय सांगतो. ज्याच्या दुःखावर लिहायचे त्याची संमती कशी घ्यायची, त्याचे नाव कधी झाकायचे. आकडेवारी कशी वाचायची. संपादन, मुद्रितशोधन, भाषांतर. शेवटी प्रबंधाऐवजी किंवा प्रबंधासोबत विद्यार्थी एक पुस्तकाएवढे हस्तलिखित देतो आणि व्यावसायिक लेखनाचा विद्यार्थी आपल्या कामांचे संकलन देतो.

प्रतिभा या पदवीने मिळत नाही. अनुभवही मिळत नाही. मिळते ती शिस्त, चोख वाचक आणि चुका लवकर कळण्याची सोय. एकट्याने धडपडणाऱ्या लेखकाची जी वर्षे वाया जातात, त्यातली बरीच वाचतात.

एक ओळ जवळून

व्यावसायिक लेखनाच्या वर्गात काय चालते ते पाहू. विद्यार्थ्यांपुढे कीटकनाशकाच्या पत्रकातल्यासारखे एक वाक्य ठेवले आहे: ‘सदर द्रावणाच्या वापरादरम्यान वापरकर्त्याने विहित संरक्षक साधने परिधान करणे आवश्यक असून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करणे टाळण्यात यावे व विषबाधेची लक्षणे आढळल्यास तत्काळ वैद्यकीय उपचार घेण्यात यावेत.’

व्याकरण बिनचूक आहे, पण वावरात उभ्या असलेल्या माणसाला यातून काहीच मिळत नाही. शिक्षक विचारतात: हे कोण वाचणार? कधी वाचणार? वाचून त्याने आधी काय करायचे? विद्यार्थी वाक्य मोडतात.

वाऱ्याकडे पाठ करून फवारा.
तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. मास्क, चष्मा, हातमोजे घाला.
दुसरे औषध यात मिसळू नका.
चक्कर आली, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर फवारणी तिथेच थांबवा. कपडे काढा. साबणाने अंग धुवा. औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा.

शेवटच्या ओळीत भर पडली आहे, कारण डॉक्टरला कोणते विष आहे ते कळले तर उपचार लवकर सुरू होतो. ‘विहित साधने’ म्हणजे काय ते आता नावानिशी आले. ‘लक्षणे’ म्हणजे अंगाला जाणवणाऱ्या तीन गोष्टी झाल्या. सूचना सुट्या झाल्या. वर्गाचे काम इथे संपत नाही. विद्यार्थ्यांनी हा कागद घेऊन पाच शेतमजुरांकडे जायचे, त्यांना वाचून दाखवायचा आणि त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावायचे. जिथे ते अडखळले, तिथे कागद पुन्हा लिहायचा.

याच पद्धतीने पीकविम्याचा अर्ज, बँकेची नोटीस, गर्भवतीसाठीची सूचना, बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर सुधारता येतो. मेळघाटात तर मराठी कागदही पुरत नाही; तिथे कोरकू बोलणारी आई आहे आणि मराठी बोलणारी परिचारिका. दोघींच्या मध्ये उभा राहणारा भाषांतरकार कोणी तयार करायचा, हा विद्यापीठांपुढचा खरा प्रश्न आहे.

शकुंतलेची गोष्ट

क्रिएटिव्ह नॉनफिक्शनचा पाठ घ्यायला वऱ्हाडात विषय शोधावे लागत नाहीत. ‘शकुंतला’ या रेल्वेगाडीचा एकच विषय घेऊ. अकोला जिल्ह्यातले मूर्तिजापूर हे तिचे जंक्शन. तिथून एक फाटा यवतमाळला, दुसरा अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनवर आणून मुंबईकडे पाठवण्यासाठी इंग्रजी कंपनीने ही नॅरोगेज लाइन टाकली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत धावले. मग डिझेल आले. आता ती गाडी बंद आहे आणि लाइन ब्रॉडगेज करण्याची मागणी गावोगावी होते.

या गाडीविषयी छापून आलेला मजकूर भरपूर आहे, आणि त्यातला बराचसा एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिलेला आहे. ही लाइन अजून इंग्रजांच्या मालकीची आहे, भारत सरकार दरवर्षी त्यांना पैसे देते, हे वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे. विद्यार्थ्याला सांगायचे: या वाक्याचा उगम शोध. मूळ करार कोणत्या कंपनीचा, तो कधी झाला, कितीदा वाढवला, शेवटचा भरणा कधी झाला, हे रेल्वेच्या कागदांतून काढ. माहिती अधिकारात अर्ज कर. मग मूर्तिजापूरला जा. निवृत्त गार्ड, स्टेशनमास्तर, लाइनवरचा गँगमन शोध. अचलपूरच्या बाजाराला भाजीची टोपली घेऊन जाणारी बाई शोध. तिने गाडीत काय पाहिले ते तिच्या शब्दांत लिही. गार्ड म्हणतो गाडी वेळेवर असायची, बाई म्हणते कधीच नसायची. दोघांचे म्हणणे शेजारी-शेजारी ठेव. त्यांच्यापैकी कोण बरोबर हे वेळापत्रक आणि नोंदवही सांगत असेल तर सांग. नसेल तर दोन्ही राहू दे.

म्हाइंभटांची रीत ती हीच. आधी ऐकणे, मग दुसऱ्याकडून पडताळणे, मग क्रम लावणे, आणि मतभेद असतील तिथे ते वाचकापासून न लपवणे. असा एक लेख पुरा करायला विद्यार्थ्याला सहा महिने लागतील. ते सहा महिने त्याला आयुष्यभर पुरतील.

वऱ्हाडाच्या घरचा साठा

या अभ्यासक्रमाला लागणारी पाठ्यपुस्तकेही जवळच आहेत. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी १८९४ पासून १९३८ पर्यंत रोजनिशी ठेवली. टिळकांचे राजकारण, कोर्टकचेऱ्या, शिर्डीतला मुक्काम, सगळे तिच्यात आहे. रोजच्या रोज लिहिण्याची सवय कशी असते आणि अशा नोंदींतून काळ कसा उभा राहतो, हे शिकायला यापेक्षा चांगले साधन कोणते? याच खापर्ड्यांच्या अध्यक्षतेखाली १९२३ च्या मकरसंक्रांतीला अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. त्याआधी १९१२ मध्ये अकोल्याने साहित्य संमेलन भरवले होते, हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली.

परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर पायी फिरले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले आणि त्या भटकंतीतून त्यांनी ‘स्मरणगाथा’ लिहिली. १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. अमरावतीच्या मधुकर केचे यांनी ‘आखर अंगण’मध्ये वऱ्हाडातले खेडे ललित गद्यात आणले. विदर्भातल्या कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ने संस्कृत शिकणाऱ्या दलित स्त्रीचा अनुभव मांडला. अलीकडे, २०२१ मध्ये, नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी ‘रामराव’ हे पुस्तक इंग्रजीत लिहिले. यवतमाळ जिल्ह्यातला एक कापूस उत्पादक शेतकरी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचतो. लेखक वर्षानुवर्षे त्याच्याकडे जात राहतो आणि त्याच्या हिशेबांतून सगळ्या शेतीचा प्रश्न उलगडतो. मराठीत लिहिणाऱ्या वऱ्हाडी तरुणाने ते समोर ठेवून शिकावे.

बोललेल्या शब्दाचा नमुनाही आपल्याकडे आहे. गाडगेबाबांचे मुंबईत वांद्र्याला ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेले अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारतात, उत्तर त्यांच्याच तोंडून काढतात आणि एकही अवघड शब्द न वापरता कर्ज, हुंडा, शिक्षण, स्वच्छता यांवर बोलतात. व्यावसायिक लेखनाच्या विद्यार्थ्याने ते कीर्तन ऐकून शब्दशः उतरवून काढावे, आणि त्यात कोणते वाक्य का काम करते ते शोधावे.

आज काय उपलब्ध आहे

लेखन शिकवण्याची सुरुवात विदर्भात नवी नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये पत्रकारितेचा विभाग सुरू झाला, तेव्हा अमरावती आणि अकोला नागपूर विद्यापीठाच्याच कक्षेत होते. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले; आज संत गाडगेबाबांच्या नावाने ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांसाठी आहे. भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र २०११ पासून अमरावतीत आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकवली जाते. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथले संशोधन शेतकऱ्याच्या भाषेत नेणे हे लेखकाचेच काम आहे.

मराठी भाषा विद्यापीठ ही यातली सर्वांत नवी आणि सर्वांत मोठी संधी. राज्य विधिमंडळाने २०२३ मध्ये त्याचा कायदा केला आणि त्यासाठी रिद्धपूर निवडले. २०२४ मध्ये महानुभाव साहित्याचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात दर्जा भूतकाळाचा गौरव करतो. भाषा पुढच्या पिढीच्या कामाला येईल की नाही, हे मात्र तिच्यात आज कोण काय लिहितो यावर ठरते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक दार उघडले आहे. महाराष्ट्रातल्या नव्या पदव्युत्तर आराखड्यात संशोधनपद्धती, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रकार्य आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. मराठीत एम. ए. करणारा विद्यार्थी कार्यप्रशिक्षणासाठी वर्तमानपत्रात, कृषी विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात किंवा मेळघाटातल्या आरोग्य संस्थेत जाऊ शकतो. प्रकल्प म्हणून एखाद्या गावाचा, धरणाचा, जिनिंग फॅक्टरीचा पडताळलेला वृत्तांत लिहू शकतो. पूर्ण पदवी उभी राहीपर्यंत एवढे तर आजच करता येते.

पूर्ण पदवी उभी राहिलीच पाहिजे, आणि ती रिद्धपूरला असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या सत्रात ‘लीळाचरित्रा’ची घडण, दुसऱ्यात क्षेत्रकार्य आणि कायदा, तिसऱ्यात कार्यशाळा आणि संपादन, चौथ्यात हस्तलिखित. निम्मे शिक्षक विद्यापीठातले, निम्मे काम करणारे संपादक, पत्रकार, भाषांतरकार. दरवर्षी पंधरा विद्यार्थी बाहेर पडले, तरी दहा वर्षांत वऱ्हाडाला दीडशे असे लेखक मिळतील जे ऐकतात, पडताळतात आणि समजेल असे लिहितात.

प्राध्यापकांनी अभ्यासमंडळाच्या पुढच्याच बैठकीत हा प्रस्ताव मांडावा. विद्यार्थ्यांनी पदवीची वाट पाहू नये. आपल्या गावातल्या एका खऱ्या घटनेवर निदान तीन माणसांशी बोलावे, दोन कागद तपासावेत, दोन हजार शब्द लिहावेत आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचून दाखवावेत. त्यांनी ‘हो, असेच झाले होते’ म्हटले, तर या विद्येतला पहिला पेपर तुम्ही पास झालात.